संगणकाचा पहिला वर्ग : पोराला परत बोलावण्याआधी हे वाचा



उसाची नोंद, तोडणीची पाळी, खताचा भाव हे आपले नेहमीचे विषय. या वेळी जरा वेगळ्या विषयाला हात घालत आहोत. तो विषयही शेवटी आपल्या घरचाच आहे. आपल्या पुष्कळ सभासदांची मुलेमुली बारावीनंतर यवतमाळ, अमरावती, नागपूर, पुणे अशा ठिकाणी संगणकशास्त्र शिकायला जातात. खोलीभाडे, मेस आणि फी मिळून वर्षाचा खर्च बराच होतो, आणि तो बहुधा उसाच्या बिलातूनच निघतो. आषाढात पोरगा गावाहून निघतो आणि पोळ्याच्या आसपास घरी फोन येतो. ‘‘बाबा, मले काहीच समजून नाही रायलं. बाकीच्या पोट्ट्याइले सगळं येते. वापस येऊ का?’’

बाप गोंधळतो. उसावर तांबेरा पडला तर काय करावे हे त्याला ठाऊक असते. पण पोराला तिकडे नेमके काय जड जात आहे, हे कळायला मार्ग नसतो. मग कोणी सांगतो ‘‘आणून टाका घरी’’, कोणी सांगतो ‘‘पोट्टं अभ्यासच करत नसल’’. आमच्या मते दोन्ही सल्ले घाईचे आहेत. या फोनला काय उत्तर द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

राळेगाव तालुका तसा कापसाचा. ज्याच्या शेताला बारमाही पाणी, तो ऊस धरतो. गावातल्या जुन्या पिढीने संगणक पाहिला तो बँकेत नाहीतर वजनकाट्यावर. तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता आम्ही राळेगावात बसून संगणकाचा पहिला अभ्यासक्रम स्वतः पाहिला. मुंबईच्या आय.आय.टी.त ‘सी.एस. १०१’ नावाचा प्रोग्रामिंगचा पहिला पाठ आहे. तो केवळ संगणकवाल्यांना नव्हे, तर इतर शाखांच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही वर्षानुवर्षे शिकवला गेला. तिथले प्राध्यापक डॉ. दीपक फाटक यांनी त्याचाच धागा धरून २०१४ साली एडएक्समार्फत प्रोग्रामिंगचा पहिला पाठ इंटरनेटवर जगभर खुला केला. त्याच संस्थेचे डॉ. अभिराम रानडे यांचे सी++ भाषेतून प्रोग्रामिंगची ओळख करून देणारे पुस्तकही आहे. आता अशा पाठांची व्याख्याने घरबसल्या पाहता येतात.

वर्गात शिकवतात तरी काय?

पुष्कळांची समजूत अशी की तिथे यंत्र चालवायला शिकवतात, म्हणजे कोणते बटण कुठे दाबायचे ते. तसे नाही. पहिल्या वर्गात शिकवतात ते एकच. कोणतेही काम बारीक पायऱ्यांत फोडून, एकही पायरी न गाळता, क्रमाने लिहून काढणे. ही लिहिलेली यादी म्हणजे प्रोग्राम.

रानडे यांच्या पुस्तकात सुरुवात एका कासवापासून होते. पडद्यावरच्या कासवाला हुकूम द्यायचा, ‘१०० पावले पुढे जा, ९० अंश वळ.’ हेच चार वेळा करायला लावले की चौकोन तयार. मग विचारतात, सहा बाजूंची आकृती काढा. वळण किती द्याल? पोरगा डोके खाजवतो आणि त्याच्या लक्षात येते की कासव शेवटी एक पूर्ण फेरी मारते, म्हणजे ३६० अंश. त्याला सहाने भागले की ६० अंश. हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला बारा बाजूंची आकृती कोणी शिकवावी लागत नाही. हे कासव मुळात १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी तयार झालेल्या ‘लोगो’ या भाषेमुळे प्रसिद्ध झाले. वाफे आखणाऱ्याच्या पोराला यात परके वाटावे असे काही नाही.

यंत्राला मन नसते

मग अडते कुठे? आपल्याच कामाचे उदाहरण घेऊ. गाडी काट्यावर आली. पैसे किती झाले ते सांगणारा प्रोग्राम लिहायचा आहे. मराठीत लिहिला तर तो असा होईल :

१. भरलेल्या गाडीचे वजन घे.
२. रिकाम्या गाडीचे वजन घे.
३. पहिल्यातून दुसरे वजा कर. उत्तराला ‘निव्वळ’ नाव दे.
४. निव्वळला दराने गुण. उत्तराला ‘रक्कम’ नाव दे.
५. रक्कम छाप.

दिसायला सोपे आहे. पण समजा, बसणाऱ्याने घाईत दोन्ही वजने उलटसुलट भरली. काट्यावरचा कारकून असता तर हसून म्हणाला असता, ‘‘अहो, रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड कशी?’’ यंत्र हसत नाही. ते निमूटपणे वजा रक्कम छापते; म्हणजे ऊस घालूनही उलट शेतकऱ्याकडेच पैसे निघाले! ‘जर दुसरे वजन पहिल्यापेक्षा जास्त असेल, तर पुढे जाऊ नकोस आणि तसे कळव’, ही पायरी माणसाला सांगावी लागत नाही, यंत्राला सांगावी लागते.

नवख्याचे पहिले अडखळणे हेच. आयुष्यभर त्याने माणसांशीच बोललेले असते. सालदाराला ‘‘पाणी सोड’’ म्हटले की कोणत्या सरीत, कुठवर, कधी बंद करायचे, हे तो समजून घेतो. यंत्र तेवढेच करते जेवढे लिहिले आहे. रॉय पी नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८६ साली हेच मांडले. शिकणाऱ्या मुलांच्या कितीतरी चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती ही की यंत्राच्या आत कोणीतरी शहाणे मन बसले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे ते त्याला कळेल. ही समजूत जायला वेळ लागतो. त्यात पोराच्या बुद्धीचा दोष नाही.

अठरा टन साडेसातशे किलो

आता वरच्याच प्रोग्राममधली दुसरी गंमत पाहा. गंमत म्हणतो खरी, पण ती पैशाची आहे.

भरलेली गाडी २४ टन ३८० किलो, रिकामी ५ टन ६३० किलो. निव्वळ ऊस १८ टन ७५० किलो. हिशेबापुरता दर टनाला ३,००० रुपये धरू. रक्कम झाली ५६,२५० रुपये.

प्रोग्राम लिहिताना प्रत्येक आकड्यासाठी एक खण ठेवावा लागतो आणि त्या खणात कोणत्या जातीचा आकडा बसेल ते आधी सांगावे लागते. सी या भाषेत नुसता पूर्णांकाचा खण ठेवला आणि त्यात १८.७५० टन घातले, तर राहतात फक्त १८. वरचे ७५० किलो गळून जातात. रक्कम येते ५४,००० रुपये. एका खेपेला २,२५० रुपयांचा फरक, चार खेपांना गळती सारखीच असली तर ९,०००. आणि प्रोग्राम बिनतक्रार चालू राहतो!

नवख्या मुलाला अशा ठिकाणी रात्र रात्र जागावे लागते. उत्तर चुकले आहे हे दिसते, कुठे चुकले ते दिसत नाही. वजने टनाऐवजी किलोत ठेवा किंवा अपूर्णांकाचा खण वापरा, हा उपाय कळल्यावर दोन मिनिटांचा. पण तो ज्याने स्वतः शोधला, तो पुढे जन्मभर कोणत्याही आकड्याकडे डोळे मिटून पाहणार नाही. पहिल्या वर्गाची खरी कमाई ही आहे.

अशा चुकीला या धंद्यात ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची रीत जुनीच; पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. आपल्याकडे खोडकिडा पोंग्यात असतो, वरून पाने हिरवीच दिसतात. प्रोग्राममधला किडाही तसाच असतो.

कुंपणाचे खांब

शंभर फूट लांबीच्या सरळ बांधावर दर दहा फुटांना एक खांब रोवायचा. खांब किती लागतील? घाईने दहा सांगाल. लागतात अकरा, कारण सुरुवातीचाही एक असतो. इंग्रजीतसुद्धा प्रोग्राममधल्या अशा चुकीला ‘कुंपणाच्या खांबाची चूक’ असेच म्हणतात. मोजणी शून्यापासून की एकापासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, यात भलेभले चुकतात.

ही चूक आपल्याला कुठे भेटेल? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि वेगळा करार नसेल तर उशिरावर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. समजा ऊस १० तारखेला घातला. मग १४ दिवस १० तारखेपासून मोजायचे की ११ पासून? वरच्या ५६,२५० रुपयांवर एका दिवसाचे व्याज सुमारे २३ रुपये होते. रक्कम लहान असली तरी प्रश्न लहान नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो आधी विचारावा लागतो, नियम वाचून ठरवावा लागतो आणि मग लिहावा लागतो. यंत्र आपण होऊन विचारत नाही.

सोळा हजारांत एक

आता थोडे गोड. हा वर्ग नुसता त्रासाचा नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर त्यात असे काही येते की पोराचे डोळे चमकतात.

कारखान्याचे १६,००० सभासद आहेत असे धरा, आणि त्यांतला एक क्रमांक शोधायचा आहे. पहिल्यापासून पाहत गेलो तर वाईटात वाईट १६,००० वेळा पाहावे लागेल. पण यादी क्रमाने लावलेली असेल तर मधला क्रमांक पाहा. आपला त्याहून मोठा असेल तर खालची अर्धी यादी सोडून द्या. उरलेल्या अर्धीचा पुन्हा मधला पाहा. अशाने जास्तीत जास्त १४ वेळा पाहून क्रमांक सापडतो, किंवा तो यादीत नाही हे नक्की होते. सोळा हजार कुठे आणि चौदा कुठे! आणि यादी दुप्पट झाली तरी काम वाढते ते फक्त एका पायरीने.

मात्र अट एकच, यादी आधी क्रमाने लावलेली हवी. आणि क्रम लावणे म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला कोणी शिकवावे? तोडणीचा कार्यक्रम लावताना आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, लागणीची तारीख, उसाची जात हे सगळे पाहून पाळी ठरते. दोघांची तारीख एकच असेल तर आधी कोण, यावरून गट ऑफिसात किती बोलाचाली होते ते सर्वांना ठाऊक आहे. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्गात हाच प्रश्न येतो. तारीख सारखी असेल तर काय करायचे, हे नियमात आधी लिहून ठेवा, म्हणजे नंतर भांडण नाही.

इंग्रजीची भीती

मराठी शाळेतून गेलेल्या मुलाला पहिला धसका इंग्रजीचा असतो. व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि शेजारचा मुलगा फाडफाड बोलणारा. पण खुद्द सी या भाषेचे राखीव शब्द किती? मूळ प्रमाणित रूपात अवघे ३२. पायथॉनचे सुमारे ३५. एवढे शब्द तर आपण खत-औषधांच्या पुड्यांवरून पाठ केले आहेत. अवघड जाते ते भाषेमुळे नव्हे, नेमकेपणामुळे. आणि नेमकेपणाला माध्यम नसते. विचार मराठीत करावा, पायऱ्या मराठीत लिहाव्या, आणि मग त्या ३२ शब्दांत घालाव्या. आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने छोटे छोटे धडे तयार केले आहेत आणि त्यांतले अनेक मराठीतही ऐकायला मिळतात.

गावाकडच्या मुलाला हे जमत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला मुरंब्याचे नाव सांगा. आपल्याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात हे खेडे आहे. डॉ. विजय भटकर तिथे १९४६ साली जन्मले. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकचे प्रमुख झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. प्रत्येक मूल भटकर होईल असे आम्ही म्हणत नाही. पण खेड्यातून आलो हे कारण पुरेसे नाही, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते.

मुलींच्या बाबतीत तर हा विचारही मनात आणू नका. १९४५-४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ हा अवाढव्य संगणक उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले प्रोग्राम लिहिणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या.

तिघांत एक

आता त्या फोनकडे वळू. ‘बाकीच्या सगळ्यांना येते’ हे खरे आहे काय? जगभरच्या विद्यापीठांतल्या प्रोग्रामिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमांची पाहणी २००७ साली झाली, आणि २०१४ साली दुसरी, अधिक मोठी झाली. दोन्हींत निष्कर्ष जवळजवळ एकच निघाला. सरासरीने तिघांपैकी एक विद्यार्थी या पहिल्या पाठात पार होत नाही. ही गोष्ट नावाजलेल्या देशांतली आहे. तेव्हा पोराला जड जात असेल तर तो एकटा नाही. वर्गात गप्प बसलेल्या निम्म्या मुलांच्या पोटात तोच गोळा असतो; फरक इतकाच की कोणी बोलून दाखवत नाही.

पूर्वीच्या मुलांना तर याहून कठीण गेले. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आय.बी.एम. १६२० हा संगणक आला. त्या काळी प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांवर द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा कार्ड पाडायचे, पुन्हा रांग. म्हणून ती मुले आधी कागदावर दहादा तपासत. आजच्या मुलाला यंत्र क्षणात चूक दाखवते, त्यामुळे कागद सुटला. ‘हे बदलून पाहू, ते बदलून पाहू’ अशी लागली तर लागली मारत बसायची सवय लागते. शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून आयता प्रोग्राम लिहून देणारी यंत्रेही हाताशी आहेत. त्यांचा उपयोग जरूर आहे. पण ज्याने अठरा टन आणि साडेसातशे किलोची गोष्ट स्वतः भोगली नाही, त्याला आयत्या उत्तरातला किडा दिसणार नाही. दुसऱ्याने बैल हाकले म्हणून आपल्याला तास धरता येत नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिले, पहिल्या सत्रात परत बोलावू नका. उसाला लागणीनंतर उगवण व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात कोंब दिसला नाही म्हणून कोणी सऱ्या मोडत नाही.

दुसरे, ‘किती मार्क पडले’ याऐवजी ‘या आठवड्यात काय चुकलं आणि ते कसं सापडलं’ असे विचारा. पोरगा सांगू लागला की समजावे, गाडी रुळावर आहे. काहीच सांगता आले नाही, तर प्रोग्राम दुसऱ्याचा उतरवून चालला आहे.

तिसरे, त्याला सांगा की प्रोग्राम यंत्राला देण्याआधी कागदावर हाताने चालवून पाहा. प्रत्येक खणात कोणत्या पायरीला कोणता आकडा आहे, त्याचा तक्ता मांडायचा. वेळ जातो, पण किडा सापडतो. आणि अडले तर त्याच दिवशी सरांना, मॅडमना विचारायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाचे, त्याला घरचे काम द्या. या हंगामातल्या सगळ्या वजनपावत्यांचा फोटो काढून पाठवा आणि म्हणा, ‘‘बाप्पा, एवढ्याचं बिल काढून दे. टनाचे पैसे, तोडणी-वाहतूक काय ते, आणि चौदा दिवसांच्या पुढं किती दिस झाले, सगळं येऊ दे.’’ पुस्तकातल्या कासवापेक्षा त्याला यात जास्त गोडी वाटेल, कारण उत्तर खरे की खोटे ते घरच्या वहीशी ताडून पाहता येते.

यात कारखान्याचेही हित आहे, हे आम्ही उघड सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या साखर कारखान्याच्या परिसरातली सुमारे ७० गावे त्यात होती आणि शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातल्याच संगणकावर मिळावी हा हेतू होता. पुढे २००६-०७ मध्ये काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले, आणि ते संगणकापेक्षा स्वस्त पडले. शेतकऱ्याला पाहिजे होता तो आकडा, यंत्र नव्हे. आता तर आकडा सगळ्यांच्या खिशात येतो. पण तो बरोबर कसा आला हे विचारणारा माणूस घरात असेल, तरच त्या आकड्याला अर्थ आहे. सहकारी संस्था चालते ती सभासदाच्या विश्वासावर, आणि विश्वास टिकतो तो हिशेब पडताळता आल्यावर. असा एक पोरगा किंवा पोरगी घराघरांत तयार झाली, तर वार्षिक सभेत प्रश्न कमी होणार नाहीत, वाढतील. पण ते मुद्द्याचे असतील.

तेव्हा पोळ्याला फोन आला आणि तिकडून ‘‘वापस येऊ का?’’ असे विचारले, तर म्हणा, ‘‘ये, पोळ्याची पुरणपोळी खाऊन जाय. आन् येतानी तो प्रोग्राम घेऊन ये, मले दाखव. चार पावत्या काढून ठेवल्या हायेत.’’